मदरबोर्ड बदलताना : ‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधीपासून पहिला डिस्प्ले येईपर्यंत

पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण स्क्रीन काळीच. फोनवर विचारलं की मेकॅनिक पटकन सांगतो, “बोर्ड गेला.” गेला असेलही. पण माझ्या टेबलावर असे आलेले कितीतरी पीसी रॅम पुसून परत लावल्यावर किंवा एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायचा डबा) बदलल्यावर पुढे वर्षानुवर्षं चालले आहेत. म्हणून बोर्ड बदलायला शिकवताना मी आधी बोर्ड शाबूत आहे असंच धरून चालायला सांगतो. तो बिघडलाय हे सिद्ध होईपर्यंत नवा आणायचा नाही. प्रत्यक्ष बदलणं हे दीड-दोन तासांचं, शांत हाताचं काम आहे. पैसे आणि डेटा वाया जातात ते त्याआधीच्या घाईत.

हा लेख असेंबल केलेल्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपचा बोर्ड त्या-त्या मॉडेलपुरताच असतो. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्येही कित्येकदा पॉवरचा कनेक्टर आणि स्क्रूची भोकं त्यांची स्वतःची असतात, तिथे बाजारातला साधा बोर्ड बसत नाही. उदाहरणासाठी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका डीटीपी दुकानातला पीसी घेतो : आय३-६१०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम, एक एसएसडी, विंडोज १०, आणि मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला) लावलेलं फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे जे लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर चालतं ते छोटं उपकरण. या लॉकने पुढे बरंच काही ठरवलं.

बोर्डच गेलाय का?

सुरुवात भिंतीपासून करा. प्लग, एक्स्टेंशन, एसएमपीएसच्या मागचं बटण, मॉनिटरची केबल, मॉनिटरचा इनपुट. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डात हवी, बोर्डाच्या पोर्टात नको.

मग प्लग काढा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट उघडून रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्टीवर साधं पांढरं खोडरबर हलकेच फिरवा आणि कण झटकून टाका. एकच रॅम, एकाच स्लॉटमध्ये, ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. डिस्प्ले नाही आला तर दुसरा स्लॉट, मग दुसरी रॅम. पावसाळ्यानंतर माझ्याकडे ‘नो डिस्प्ले’चे जे पीसी येतात, त्यातले बरेचसे इथेच सुरू होतात.

त्यानंतर बोर्डवरचा गोल सेल. तो सीआर२०३२, तीन व्होल्टचा. चालू होताना तारीख भलतीच मागे जात असेल किंवा ‘सीएमओएस चेकसम’चा संदेश येत असेल, तर सेल बदला. प्लग काढलेला असताना सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला तर बायोसच्या (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या प्रोग्रामच्या) सेटिंगही मूळ पदावर येतात. कधी कधी तेवढ्यानेच बोर्ड जागा होतो.

एसएमपीएस तपासण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणं. तो नसेल तर चोवीस पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढा आणि त्यातली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला पेपरक्लिपने जोडा. पंखा फिरायला हवा. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट दिसायला हवेत. पाच टक्के कमी-जास्त चालतं. मात्र लोड नसताना व्होल्टेज बरोबर दाखवणारा एसएमपीएस लोड आल्यावर ढेपाळू शकतो, म्हणून अदलाबदल करून पाहणंच चांगलं. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या पुढे दाब उरलेला असू शकतो.

शेवटची परीक्षा मला सर्वांत आवडते. बोर्डवर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक छोटा बीपचा स्पीकर ठेवा. रॅम मुद्दाम काढून टाका आणि चालू करा. बीप वाजले, तर ‘रॅम नाही’ हे ओळखण्याइतका प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहे; दोष रॅममध्ये, स्लॉटमध्ये किंवा डिस्प्लेच्या बाजूला शोधायचा. काहीच वाजलं नाही, एसएमपीएस चांगला आहे हे पक्कं आहे, आणि बोर्डवर फुगलेले कपॅसिटर, काळपट डाग, हिरवा गंज किंवा पालीने केलेली घाण दिसतेय, तर आता बोर्ड गेला असं म्हणा.

एकाच जागी दुसऱ्यांदा बोर्ड गेला असेल तर अर्थिंग तपासून घ्या. भिंतीतल्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच दिसायला हवेत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा मुळात जोडलेलीच नाही. हे काम इलेक्ट्रिशियनचं. ते झाल्याशिवाय नवा बोर्ड लावू नका.

कोणता बोर्ड घ्यायचा

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत : सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), चिपसेट, रॅमचा प्रकार आणि आकार.

सगळ्यात फसवी जोडी सॉकेट आणि चिपसेटची. इंटेलची सहावी-सातवी आणि आठवी-नववी या चारही पिढ्या एलजीए ११५१ नावाच्याच सॉकेटमध्ये बसतात. पण सहाव्या-सातव्यांना १०० किंवा २०० मालिकेचा चिपसेट लागतो, आठव्या-नवव्यांना ३०० मालिकेचा. नाव एक, खाच एक, प्रोसेसर आत बसतोही, पण पीसी चालू होत नाही. दुकानदाराने “११५१च आहे” म्हटलं तरी चिपसेट विचारा. एएमडीच्या बाजूला एएम४ सॉकेट खूप वर्षं चाललं. त्यामुळे बी४५०सारख्या जुन्या बोर्डवर रायझन ५००० चालतो, पण बायोस अपडेट केल्यावरच. एएम५ २०२२ मध्ये आलं आणि त्यावर डीडीआर५च लागते.

रॅमच्या डीडीआर३, ४ आणि ५ या प्रकारांची खाच वेगवेगळ्या जागी असते, जोर लावूनही एकीच्या जागी दुसरी बसत नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून खोक्यावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आकारात एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट नाही.

डीटीपीवाल्यांसमोर दोन रस्ते होते. एक, जुना एच११० बोर्ड शोधून आय३-६१०० चालू ठेवायचा. दोन, बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलायचे. मी दुसरा सुचवला. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. सहाव्या पिढीसाठी वापरलेला, वॉरंटी नसलेला बोर्ड घेणं म्हणजे पैसे मागच्या काळात गुंतवणं. एच६१० चिपसेटचा डीडीआर४वाला बोर्ड आणि आय३-१२१०० घेतला, तर रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि एसएमपीएस जुनंच चालतं. फक्त प्रोसेसरच्या नावापुढे इंग्रजी ‘एफ’ नसावा. त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. जुना पंखाही उपयोगाचा नाही. ११५१च्या बोर्डवर पंख्याची भोकं ७५ मिलिमीटरवर असतात, १७००वर ७८वर. खोकाबंद प्रोसेसरसोबत पंखा येतो, सुटा घेतला तर वेगळा विकत घ्यावा लागतो.

आता ते लॉक. नव्या बोर्डांवर मागे पॅरलल पोर्ट जवळजवळ दिसतच नाही. मोजक्या बोर्डांवर त्याचा हेडर, म्हणजे वायर लावायच्या पिनांचा गट, असतो आणि मागे पोर्ट देणारी पट्टी वेगळी घ्यावी लागते. यूएसबीतून पॅरलल करून देणाऱ्या केबलवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालतो, पण असली लॉक त्यावर सहसा ओळखली जात नाहीत. आम्ही हेडर असलेला बोर्ड शोधला. दोन दिवस जास्त लागले, पण त्यांची पंधरा वर्षांची कामं त्याच फॉन्टमध्ये होती. तुमच्याकडे पॅरलल, सिरियल किंवा जुन्या पीसीआय स्लॉटला लावलेलं काहीही असेल, तर बोर्ड निवडण्याआधी त्याची यादी करा.

बोर्ड घेताना दुकानातच सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटो काढा. एलजीए सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, केसासारख्या नाजूक. एखादी वाकलेली निघाली तर वॉरंटी नाकारली जाते, आणि ती कुणी वाकवली हे नंतर ठरवता येत नाही. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकणही सांभाळून ठेवा. बोर्ड वॉरंटीत परत देताना ते मागतात.

खोलण्याआधी

डेटा बोर्डात नसतो, डिस्कमध्ये असतो. लोक या भीतीने कासावीस होतात, म्हणून स्पष्ट सांगतो. तरीही एसएसडी काढून यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला लावा आणि कामाच्या फाइली आधी उतरवून घ्या.

उतरवताना डिस्क उघडण्यासाठी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली तर घाबरू नका. नव्या विंडोज ११मध्ये हे कुलूप अनेकदा आपोआप लागलेलं असतं आणि त्याची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. बोर्ड बदलल्यावर ही की मागितली जाणारच, म्हणून ती आधी कागदावर लिहून ठेवा. पीसी अजून अधूनमधून चालू होत असेल तर आणखी तीन कामं करा : बिटलॉकर तात्पुरता थांबवा, विंडोजचा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडा, आणि टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना सरेंडर करा. नव्या बोर्डाचा लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. तो नसेल तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नसेल तर बाकीचे ड्रायव्हर उतरवता येत नाहीत.

जुना बोर्ड काढणं

खोलीतले पंखे बंद करा, लाकडी टेबल घ्या, सुती कपडे घाला. नायलॉनच्या साडीने किंवा टेरिकॉटच्या शर्टाने अंगावर साठणारी स्थिर वीज तुम्हाला जाणवत नाही, पण चिपला पुरते. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा असेल तर कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा. नसेल तर प्रत्येक भाग उचलण्याआधी त्या पत्र्याला हात लावा.

एकही वायर काढण्याआधी मोबाइलवर सात-आठ फोटो काढा, विशेषतः समोरच्या बटणांच्या बारीक वायरींचे. मग ग्राफिक्स कार्ड, डिस्कची साटा केबल, पॉवरचे कनेक्टर काढा. चोवीस पिनांच्या कनेक्टरची पाकळी दाबूनच तो ओढा. न दाबता ओढलात तर बोर्ड वाकतो.

इंटेलच्या साध्या पंख्याला चार खुंट्या असतात. त्या वरच्या बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवायच्या आणि वर खेचायच्या. एएम४वर काळजी वेगळी. तिथे पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि वाळलेल्या पेस्टमुळे पंखा उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उखडून वर येतो. पीसी चालू होत असेल तर आधी दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा. होत नसेल तर पंखा सरळ न उचलता डावी-उजवीकडे किंचित फिरवून सैल करा.

स्क्रू सहा ते नऊ असतात. काढून एका वाटीत ठेवा आणि मोजा. बोर्ड मागच्या पोर्टांच्या पट्टीपासून दूर सरकवून उचला. आता तळाच्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंट) दिसतील. नव्या बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच स्टँडऑफ हवा. जिथे भोक नाही तिथला आठवणीने काढा. बोर्डाच्या पाठीला टेकणारा एक जास्तीचा स्टँडऑफ नवा कोरा बोर्ड शॉर्ट करू शकतो.

नवा बोर्ड आधी बाहेर चालवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मी कधीच गाळत नाही. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, चंदेरी पिशवीवर नको. ती पिशवी बाहेरून वीजवाहक असते.

सॉकेटचा दांडा उचला, चौकट उघडा. प्रोसेसर दोन कडांनी धरा. त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, बाजूच्या खाचा जुळल्या आहेत हे पाहा आणि हळूच ठेवा. दाबायचं नाही, फक्त ठेवायचं. चौकट लावून दांडा खाली आणा. काळं झाकण या वेळी आपोआप निसटतं. दांड्याला बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, ते बरोबर आहे.

थर्मल पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पुरते. नव्या पंख्याला खाली करडी पेस्ट लावलेलीच असेल तर वेगळी लावू नका. जुना प्रोसेसर वापरत असाल तर आधीची पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसा. खुंट्या कर्णरेषेने, समोरासमोरच्या, एकेक दाबा. बोर्ड उचलून पाठीमागे चारही काळी टोकं फाकून बाहेर आली आहेत का पाहा. एक जरी अर्धवट राहिली तर प्रोसेसर तापतो. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा.

रॅमचे चार स्लॉट असतील आणि रॅम दोन असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पॉवरचे कनेक्टर दोन : मोठा चोवीस पिनांचा, आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा. हा दुसरा विसरला की पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही, आणि माणूस नव्या बोर्डालाच दोष देतो. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला तसाच असतो, पण खाचा वेगळ्या. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा.

मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावा. समोरच्या बटणांचा हेडर बहुतेक बोर्डांवर दोन ओळींचा, नऊ पिनांचा असतो. चार पिनांच्या ओळीत रिकाम्या जागेला लागून असलेल्या दोन पिना पॉवर स्विचच्या. मॅन्युअलच्या चित्राशी ताडून घ्या. त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी एक-दोनदा आपोआप बंद-चालू होईल. नव्या बोर्डाचं हे नेहमीचंच. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, बोर्ड रॅम पारखत असतो. तोवर बटण दाबू नका. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे छोटे दिवे असतील तर जो लागून राहतो तिकडे दोष शोधा.

बायोस उघडला की तापमान पाहा. उन्हाळ्यातही ते चाळीस-पन्नासच्या घरात स्थिरावलं पाहिजे. मिनिटभरात ऐंशीकडे धावत असेल तर लगेच बंद करा आणि पंखा पुन्हा बसवा.

कॅबिनेटमध्ये बसवणं

नव्या बोर्डासोबतची पोर्टांची पत्र्याची पट्टी आधी लावा. ती आतून बाहेर दाबायची, चारही कोपरे खटकन बसेपर्यंत. मग बोर्ड तिरका धरून पोर्ट पट्टीत सरकवा. पट्टीची पातळ जीभ लॅन किंवा यूएसबीच्या पोर्टात शिरली नाही ना, हे बाहेरून बोट फिरवून पाहा. ती शिरली तर तो पोर्ट शॉर्ट होतो. स्क्रू आधी सगळे सैल लावा, मग एकेक आवळा. अडला की थांबा.

समोरच्या वायरींमध्ये पॉवर आणि रिसेट कशाही लावल्या तरी चालतात. दिव्यांना मात्र अधिक-उणे असतं, उलटे लागले तर दिवा लागत नाही, इतकंच. यूएसबीचा आणि ऑडिओचा हेडर दोन्ही नऊ पिनांचे, पण न असलेली पिन वेगळ्या जागी. यूएसबी ३चा एकोणीस पिनांचा कनेक्टर सरळच आत-बाहेर करा, त्याच्या पिना फार पटकन वाकतात.

विंडोज पुन्हा चालू करणं

इथे जुन्या पीसीवाल्यांची एक अडचण होते, आणि ती बोर्डाचा दोष समजली जाते. बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोज सुरू होत नाही. जुनं विंडोज पुष्कळदा एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर, लेगसी बूट या सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीने बसवलेलं असतं. इंटेलच्या ५०० मालिकेपासून पुढच्या बोर्डांवर अंगभूत ग्राफिक्स लेगसी बूट चालवत नाही, फक्त यूईएफआय ही नवी पद्धत चालवतं. उपाय दोन. विंडोज नव्याने टाकणं, किंवा विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘एमबीआर२जीपीटी’ या विंडोजच्याच साधनाने डिस्क रूपांतरित करणं. दुसऱ्यात फाइली जागच्या जागी राहतात, पण बॅकअप घेतल्याशिवाय तेही करू नका. निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर साटाचा मोड पाहा; जुन्या बोर्डावर जो होता, एएचसीआय किंवा रेड, तोच ठेवा.

डीटीपीच्या पीसीवर आम्ही विंडोज ११ नव्याने टाकलं. त्यासाठी बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) चालू असावं लागतं. इंटेलच्या बोर्डांवर ते ‘पीटीटी’ नावाने सापडतं. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग लॅन, मग बाकीचे. जुनंच विंडोज ठेवलं असेल तर नव्या बोर्डावर ते ‘अ‍ॅक्टिव्हेट नाही’ म्हणेल. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट उघडा, हार्डवेअर नुकतंच बदललं असा पर्याय निवडा आणि आधी जोडलेल्या खात्याने आत जा. तयार पीसीसोबत आलेला ओईएम परवाना मूळ बोर्डापुरताच असतो, तो नव्या बोर्डावर हक्काने मागता येत नाही. सुटा विकत घेतलेला रिटेल परवाना नेता येतो.

पॅरलल पोर्टच्या हेडरची पट्टी लावली, पण लॉक पहिल्यांदा ओळखलं गेलं नाही. बायोसमध्ये हा पोर्ट बंद करून ठेवलेला होता. तो चालू केला, मोड ‘ईपीपी’वरून साधा केला, आणि जुन्या कामाची एक पत्रिका उघडली. अक्षरं जागच्या जागी होती.

जुना बोर्ड त्यांनी भंगारवाल्याला द्यायला बाजूला काढला होता, तो मी मागून घेतला. सोनं आणि तांबं काढायला हे बोर्ड उघड्यावर जाळतात किंवा अ‍ॅसिडात टाकतात, आणि त्यातलं शिसं जमिनीत मुरतं. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवा. साठलेले सात-आठ बोर्ड एकदम पाठवतो, त्यात तोही गेला.